कळ माझी, अक्षर मामाचं

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला ॲडमिशन झाली की नातेवाइकांच्या लेखी आपण रातोरात तज्ज्ञ होतो. इकडे आपण ऑपरेटिंग सिस्टिमचे डेडलॉक सोडवत असतो, आणि तिकडे आत्याला हवं असतं ते प्रिंटरमध्ये अडकलेला कागद कसा काढायचा याचं उत्तर! हे कुठल्याही व्हायव्हाला विचारत नाहीत, कुठल्याही लोकल ऑथरच्या पुस्तकात सापडत नाही. पण हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला हा पेपर कधी ना कधी द्यावाच लागतो. घरून फोन येतो, “अगं, ते काहीतरी बंद पडलंय.” काय बंद पडलंय ते विचारायचं नाही. ‘ते’ म्हणजे ते!

मग आपण म्हणतो, थांबा, मी इथूनच बघते. दुसऱ्याच्या संगणकाची स्क्रीन आपल्या लॅपटॉपवर आणायची आणि आपल्या माऊसने त्याचा कर्सर हलवायचा, याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. गेल्या ॲडमिशनच्या सीझनला मी जवळजवळ तीन आठवडे मामाचा शहाडचा संगणक हॉस्टेलच्या खोलीतून चालवला. त्यात कीबोर्ड रुसला, स्क्रीन रुसली, आणि त्याआधी इन्स्टॉलेशनच रुसलं होतं. या तिन्ही रुसव्यांवर एकच औषध लागू पडलं. ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

शहाड नेमकं कुठे, ते आधी सांगते. कारण उल्हासनगर म्हटलं की बाहेरगावची मंडळी सरळ कर्जत लोकलमध्ये बसतात. उल्हासनगर स्टेशन त्या लाइनवर आहे खरं. पण आमचं शहाड म्हणजे कल्याणनंतर कसारा लाइनवरचं पहिलं स्टेशन. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांचं विठ्ठल मंदिर या आमच्या खुणा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी छावणीत आले, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, तरी लोक पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प नंबर एक’ असंच म्हणतात. मामाचं दुकान याच भागात. झेरॉक्स, लॅमिनेशन, टायपिंग. गिऱ्हाईक सिंधीत भाव करतं, हिंदीत घाई करतं आणि कागद मात्र मराठीत मागतं, कारण तो सरकारी कचेरीत द्यायचा असतो.

मामा मूळचा टाईपरायटरवर शिकलेला. पुढे युनिकोड मराठी आलं तेव्हा त्याने चाळिशीत इनस्क्रिप्ट पाठ केलं. इनस्क्रिप्ट म्हणजे भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेला भारतीय लिप्यांचा कळफलक. रचना मोठी शहाणपणाची आहे. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आणि मराठीत ज्या कळेवर ‘क’, त्याच कळेवर गुजरातीचाही ‘क’ आणि बंगालीचाही ‘क’.

जूनच्या पहिल्या पावसात मामा घराच्या पायऱ्यांवर घसरला आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. आता त्या शहाण्या रचनेची गंमत बघा. उजवा हात गेला म्हणजे व्यंजनंच गेली! डाव्या हाताशी उरल्या मात्रा, अनुस्वार आणि म, न, व. एवढ्या भांडवलावर ‘मामा’ लिहिता येतं, ‘नाव’सुद्धा लिहिता येतं, पण प्रतिज्ञापत्र काही लिहिता येत नाही. डाव्या हाताचं एक बोट पलीकडे नेत नेत मामाने दोन दिवस रेटलं. पंधरा मिनिटांचं काम तासावर गेलं. आणि हा काळ कुठला, तर उत्पन्नाचे दाखले, गॅप सर्टिफिकेट, नॉन-क्रिमीलेअर यांचा. त्या रांगेत उभे राहूनच आपण सगळे इथवर आलो आहोत. दुकानाचं वर्षाचं भाडं या दोन महिन्यांत सुटतं. मामी म्हणाली, “महिनाभर शटर ओढून ठेवू या.” मी म्हटलं, “संध्याकाळी मला लेक्चर नसतं. मी इथून टाईप करते.”

फोनवर क्षणभर शांतता. मामीचंही बरोबर होतं. मी सिस्टरांच्या शाळेत शिकले. तिथे मराठी आठवड्यातल्या ठरावीक तासांपुरतं. मोबाइलवर मी आईला मराठीत मेसेज करते तेही इंग्रजी अक्षरांत. पण मामा पलीकडून म्हणाला, “तिला कशाला सगळं यायला हवं? मी सांगतो, ती दाबेल.” हे वाक्य त्याने सहज टाकलं होतं. पुढे कळलं, रिमोट डेस्कटॉपचं सगळं तंत्र त्यात आहे.

इन्स्टॉलेशनचा रुसवा

पहिला अडथळा मात्र मामाचाच होता. तो म्हणाला, “असलं काही मी माझ्या मशिनवर घालणार नाही.” त्याच्या एका गिऱ्हाइकाला कुणीतरी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन केला होता, असंच काहीतरी उतरवायला लावलं होतं आणि खातं धुऊन नेलं होतं. मामाची भीती खोटी नाही. एनीडेस्क या अशाच प्रोग्रॅमच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. प्रोग्रॅम वाईट नसतो. घराची किल्ली कुणाच्या हातात आहे हा प्रश्न असतो. शेवटी मामाने अटी घातल्या. कायमचा पासवर्ड ठेवायचा नाही. दर वेळी आत यायला त्याने होकार द्यायचा. काम संपलं की त्यानेच बंद करायचं. आणि गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, “माझी भाची हॉस्टेलवरून टाईप करणार आहे, चालेल ना?” सायबर सिक्युरिटीच्या इलेक्टिव्हला मला यापेक्षा जास्त काही शिकवलेलं आठवत नाही.

विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप आयताच असतो, मग वेगळा प्रोग्रॅम कशाला, असं तुम्ही विचाराल. तर विंडोजची होम आवृत्ती मोठी कंजूष आहे. ती स्वतः दुसऱ्याकडे पाहुणी म्हणून जाते. पण आपल्या घरी पाहुणा घेत नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. शिवाय मामाचा संगणक राउटरच्या मागे लपलेला. बाहेरून त्याचा थेट पत्ताच नाही. राउटरमध्ये भोक पाडून ३३८९ क्रमांकाचं पोर्ट जगासाठी उघडता येतं, पण ते करू नका. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधली ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने आधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. म्हणून आम्ही मधल्या सर्व्हरमार्फत जोडून देणारा, नंबर सांगून चालणारा प्रोग्रॅम घेतला. त्याचं नाव सांगत नाही. या जातीच्या बहुतेक प्रोग्रॅमचे गुण-अवगुण सारखेच.

मामाने तो उतरवला, नंबर सांगितला, होकार दिला. स्क्रीन आली! मी इन्स्टॉलवर क्लिक केलं आणि सगळं गोठलं. माऊस हलतो, पण पलीकडे काही होत नाही. मी वायफायला शिव्या देणार, तेवढ्यात मामा म्हणाला, “अगं, मी काय करू? दाबू का?”

“तुला काय दिसतंय?”

“सगळं काळसर झालंय आणि मधोमध एक चौकट आलीय. ‘यस’ की ‘नो’ विचारतेय.”

मला ती चौकट दिसतच नव्हती! कारण सरळ आहे. विंडोज महत्त्वाची परवानगी विचारते तेव्हा ती एका वेगळ्या, राखीव पडद्यावर विचारते. कुठल्याही लबाड प्रोग्रॅमने माणसाच्या वतीने परस्पर ‘यस’ दाबू नये म्हणून ही सोय. रिमोट प्रोग्रॅम पुऱ्या अधिकाराने बसलेला नसेल तर तोही त्या पडद्याबाहेरच उभा राहतो. मी मामाला चौकटीतलं कंपनीचं नाव वाचायला लावलं, ते जुळलं, मग त्याने डाव्या हाताने ‘यस’ दाबलं आणि माझी स्क्रीन जिवंत झाली. आपल्यातल्या उबंटूवाल्यांना वेलँडवर काळी स्क्रीन दिसते, तेव्हाही आधी हेच तपासा: स्क्रीन दाखवू का, हा प्रश्न पलीकडच्या पडद्यावर कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असतो.

स्क्रीनचा रुसवा

दुसऱ्या संध्याकाळी कामाला लागलो. मामाचा मॉनिटर जुना, चौकोनी. १२८० बाय १०२४. माझा लॅपटॉप लांबोडका. १३६६ बाय ७६८. प्रोग्रॅमने मामाची स्क्रीन माझ्या खिडकीत बसवण्यासाठी दाबून बारीक केली. वर हॉस्टेलचं वायफाय, रात्री आठ वाजता, त्यात मॅच! नेट मंदावलं की हे प्रोग्रॅम चित्राची प्रत कमी करून वेग राखतात. इंग्रजीला ते चालून जातं. मराठीत अर्ध्या मिलिमीटरच्या टिंबावर अर्थ टांगलेला असतो.

“मामा, ‘संस्था’ शब्दावरचा अनुस्वार राहिलाय.”

“आहे की!”

“मला नाही दिसत.”

“मला दिसतोय ना!”

मी पुन्हा अनुस्वार दिला असता तर कागदावर दोन उमटले असते. दोष मजकुरात नव्हता, मजकुराच्या फोटोत होता. सेटिंगमध्ये जाऊन ‘खिडकीत बसवा’ काढून मूळ आकार ठेवला, आणि वेगाऐवजी चित्राच्या प्रतीला पसंती दिली. स्क्रीन थोडी सरकवून बघावी लागते, कर्सर जरा मागे राहतो. पण टिंब टिंबाच्या जागी दिसतं.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. तिकडून आपल्याकडे मजकूर येत नाही, त्याचं चित्र येतं. मामाकडे प्रतिज्ञापत्रांचे जुने नमुने होते, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले. माझ्या स्क्रीनवर ते सुरेख मराठीत दिसत. तोच मजकूर कॉपी करून मी लॅपटॉपवर घेतला, तर हाती आली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ! त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे आकार चिकटवलेले असत. फॉन्ट मामाकडे होता तोवर मराठी. फॉन्ट नाही तिथे भेळ. चित्र पोचलं म्हणजे अक्षर पोचलं असं नाही.

कीबोर्डचा रुसवा

आता खरी परीक्षा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाचं ॲडमिशनचं डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन होतं आणि त्याला गॅपचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. तो आणि त्याची आई दुकानात बसून होते. मी लॅपटॉपवर मराठी कळफलक चालू केला आणि पत्त्यापासून सुरुवात केली. मामा सांगत होता: शिफ्ट धरून एम म्हणजे श, मग यूवर ह, ईवर काना, चौकोनी कंसावर ड. शहाड! पलीकडे काय उमटलं? इंग्रजी कॅपिटल एम, यू, ई आणि एक उघडा चौकोनी कंस. आमच्या गावाचा असा अपमान सेंट्रल रेल्वेच्या इंडिकेटरनेही कधी केला नसेल.

“मामा, खाली घड्याळाशेजारी तुला काय दिसतंय?”

“ई-एन-जी.”

माझ्या घड्याळाशेजारी मराठी होतं! इथे थोडी थिअरी सांगायला हवी. पलीकडे कळ पोचवायच्या दोन पद्धती आहेत. पेटीचं उदाहरण घ्या. एक जण सांगतो, “डावीकडून तिसरी पांढरी दाब.” दुसरा सांगतो, “गंधार वाजव.” पहिला जागा सांगतो, दुसरा सूर. जागा सांगितली तर कुठला सूर निघेल ते पलीकडच्याने षड्ज कुठे धरलाय त्यावर ठरतं. मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप मुख्यतः पहिल्या पद्धतीचा: कळेचा क्रमांक पाठवतो. व्हीएनसी दुसऱ्या पद्धतीचा. तो १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत जन्मला, आणि २०११ साली त्याचा प्रोटोकॉल आरएफसी ६१४३ म्हणून नोंदवला गेला. त्यात कळेची जागा नाही, कळेने तयार झालेलं चिन्ह पाठवतात. चिन्ह पोचतं, पण पलीकडच्या कळफलकावर ते सापडलं नाही तर कधी चुकीचं उमटतं, कधी काहीच नाही.

आमचा प्रोग्रॅम जागा सांगणाऱ्यांतला निघाला. म्हणजे मी काय निवडलंय याला काही अर्थच नाही; अक्षर तयार होतं मामाच्या संगणकात. मराठी तिकडे चालू हवी. मग मी भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार एकदम दाबले, तर ते माझ्याच लॅपटॉपने गिळलं. असे खास जोड बहुतेक वेळा जवळचा संगणक स्वतःकडे ठेवतो. ऑल्ट-शिफ्ट करून पाहिलं. तिकडे मराठी आली नाहीच, उलट नवंच संकट आलं. शेवटी मामाने डाव्या हाताने माऊस धरून ई-एन-जीवर क्लिक केलं आणि मराठी निवडली. मी टाईप केलं ‘तालुका’. पलीकडे उमटलं ‘थआळउखआ’.

“अगं, ही कुठली भाषा?” मामा ओरडला. बाकावरची काकू घाबरली असावी.

पण मामाच्या बोटांना इनस्क्रिप्ट पाठ आहे. दोन सेकंदांत तोच म्हणाला, “त चा थ, ल चा ळ, क चा ख... शिफ्ट अडकलीय!” अगदी तसंच होतं. ऑल्ट-शिफ्टमधली शिफ्ट ‘दाबली’ एवढी बातमी तिकडे पोचली, ‘सोडली’ ही बातमी माझ्या लॅपटॉपने वाटेतच खाल्ली. मामाचा संगणक बिचारा शिफ्ट धरून बसला होता. मामाने आपल्या कीबोर्डवरची शिफ्ट एकदा दाबून सोडली आणि सगळं जाग्यावर आलं. कंट्रोल किंवा ऑल्ट अडकली तरी उपाय हाच. याच कुळातली आणखी एक युक्ती: कंट्रोल-ऑल्ट-डिलीट नेहमी जवळच्या संगणकालाच लागतं, मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पलीकडे ते द्यायचं तर डिलीटऐवजी एंड दाबतात.

माझ्या लॅपटॉपवर मराठीचे स्टिकर नाहीत. म्हणून मामाच्या स्क्रीनवर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून ठेवला. निवडलेल्या भाषेची अक्षरं तो कळांवर दाखवतो. तरी ‘प्रतिज्ञापत्र’ शब्दापाशी मी अडले. मामा म्हणाला, “त काढ, त्याचा पाय मोड, मग र. हात माझा मोडलाय, तू फक्त पाय मोड!” काकू आणि तिचा मुलगा हसायला लागले, ते मला इथवर ऐकू आलं. रात्री पावणेदहाला कागद छापून झाला. मुलाने स्वतः नाव, गाव, वर्षं तपासली. नावातली एक वेलांटी चुकली असती तरी सकाळी खिडकीवरून परत पाठवला असता. सकाळी त्याचं काम झालं, हे मामाने मला मेसमध्ये चहा घेताना फोन करून कळवलं.

पुढचे दिवस असेच गेले. रोज दोन-तीन कागद. जिथे जिथे अडलं तिथे उत्तर माझ्या स्क्रीनवर क्वचितच होतं. ते मामासमोर होतं, आणि “तुला काय दिसतंय?” असं विचारल्यावर निघत होतं. रिमोट डेस्कटॉप आपल्याला भास देतो की आपण तिथेच बसलोय. आपण तिथे नसतो. आपल्या हाती असते एक कळ आणि एक चित्र. अक्षर तिकडे घडतं, आणि तिकडे माणूस बसलेला असतो. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं धरून चाललं की आपलं सगळ्यात चांगलं तपासणी-यंत्र आपणच बंद करतो. घरी आपण काय करतो? “बाबा, तुम्ही काही हात लावू नका, मी बघते!” मग ती काळी चौकट पलीकडे वाट बघत राहते.

आणि चोर ओळखायची खूणही हीच. भामटा कधीच “तुम्हाला काय दिसतंय?” म्हणून थांबत नाही. तो सांगतो, हे दाबा, ते दाबा, लवकर करा, नाहीतर खातं बंद होईल. तुम्हाला वाचायला वेळ मिळू नये हाच त्याचा धंदा. घरच्यांना एवढं नक्की सांगून ठेवा: घाई करणाऱ्याला नंबर द्यायचा नाही. दिलाच गेला तर आधी नेट तोडायचं, मग बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

जुलैअखेर मामाचं प्लॅस्टर निघालं आणि त्याची व्यंजनं त्याला परत मिळाली. शटर एकही दिवस खाली राहिलं नाही. माझाही फायदा झाला. आता मी ‘ज्ञ’ न बघता काढते, आणि हा लेखही मी इनस्क्रिप्टमध्येच टाईप करून संपादकांना दिला आहे. (ऱ्हस्व-दीर्घ मामाने तपासलं, तेव्हा तक्रारी शहाडला पाठवाव्यात.) मामाचे फोन अजून येतात. पण आता तो “बंद पडलंय” असं म्हणत नाही. म्हणतो, “ऐक, डावीकडे वर एक पिवळा त्रिकोण दिसतोय, आणि त्याखाली काय लिहिलंय ते वाचून दाखवतो.” निम्मं काम तिथेच झालेलं असतं.